मुनेश्वराचं कट्टे

देवाप्पा आमच्या नकाशाच्या कचेरीत आला तो सत्तावन्न साली. राज्यांची नवी वाटणी झाली, बेळगाव मुंबईकडून म्हैसूरकडे आलं, आणि तिकडच्या मोजणी खात्यातली काही माणसं इकडे बंगळुरात धाडली गेली. त्यांत हा एक. काळासावळा, रुंद हाडाचा, डोक्यावर पांढरी टोपी, आणि तोंड सदा चालू. आल्या दिवसापासून त्यानं माझ्या मराठीची थट्टा मांडली.

आम्ही बंगळूरची जुनी मराठी घराणी. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून आले म्हणतात. मी मल्लेश्वरमहून सायकलवरून येत असे. आमच्या घरात "अक्का, स्वल्प सार वाढ गे" असंच मराठी चालतं, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. देवाप्पाला मात्र ते ऐकून हसू आवरायचं नाही. "नरसिंगराव, हे मराठी कुठल्या गावचं म्हणायचं? अर्धं कानडी, अर्धं आपलं!" मी म्हणे, "तुझं कन्नड तरी कुठलं? आमचा कॅन्टीनवाला ते ऐकून कॉफी सांडतो." यावर तो छाती पुढे काढून सांगायचा, "माझी आई मराठी आन् शेजार कानडी. मी दोन्ही भाषा दुधाबरोबर प्यालोय." त्याला त्याचा फार अभिमान होता. आणि खरं सांगायचं तर त्या अभिमानामुळेच तो मला आवडायचा, कारण आमच्या कचेरीत बाकी कुणाला कशाचाच अभिमान नव्हता.

नकाशा म्हणजे एक कागद असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आमच्याकडे एकेका भागाचे चार कागद व्हायचे. निळ्यावर पाणी: नद्या, ओढे, तळी, विहिरी. तपकिरीवर जमिनीचा चढउतार. हिरव्यावर झाडं. आणि काळ्यावर उरलेलं सगळं: घरं, रस्ते, देवळं, हद्दी, नावं. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर हे चारही एकावर एक ठेवायचे, कोपऱ्यांतल्या बारीक फुल्या जुळल्या की छापायला धाडायचे. मोजणीदार उन्हातान्हात फिरून पेन्सिलीनं जो कच्चा कागद भरून आणायचा, त्यातली कोणती गोष्ट कोणत्या रंगात जायची हे आधी कुणीतरी ठरवावं लागे. ते काम नावांच्या टेबलावर व्हायचं, कारण बहुतेक वेळा नावच सांगतं. शेवटी केरे आलं की तळं, निळ्यावर. बेट्ट आलं की डोंगर, तपकिरीवर. हळ्ळी आलं की गाव, काळ्यावर. या टेबलाला दोन भाषांचा माणूस हवा म्हणून आमचे हेड ड्राफ्ट्समन प्राणेशराव यांनी देवाप्पाला तिथं बसवलं. त्याच्याइतका त्या खुर्चीत बसायला खूश झालेला माणूस मी पाहिला नाही.

शहराच्या दक्षिणेला, बनशंकरीच्या देवळाच्या बरंच पलीकडे, होन्नेनपाळ्य नावाचं एक वस्तीवजा गाव होतं. साठ सालच्या उन्हाळ्यात त्याचा कच्चा कागद देवाप्पाच्या टेबलावर आला. गावाबाहेर मोकळी जागा, एका बाजूला एक झाड, झाडाशेजारी एक आखूड जाड रेघ, आणि तिच्याशी कन्नडमध्ये लिहिलेलं: मुनेश्वरन कट्टे. मोजणीदार शिमोग्याला बदलून गेला होता. त्याला विचारायची गरजही देवाप्पाला वाटली नाही. मुनेश्वर हा झाडाखाली बसणारा देव, आणि कट्टे म्हणजे कट्टा. त्याच्या गावी मराठीत कट्टा, कानडीत कट्टी, आणि दोन्हींचा अर्थ एकच, बसायचा दगडी ओटा. म्हणजे देवाचा ओटा. त्यानं चिन्हांचा तक्ता पाहून काळ्या कागदावर झाडाशी एक चिमुकला चौकोन काढला, सुबक अक्षरात नाव घातलं आणि पुढच्या कागदाकडे वळला. निळ्या कागदावर तिथं काहीच गेलं नाही. तपकिरीवरही नाही, कारण आमच्या उंचीच्या रेघा वीस-वीस फुटांच्या फरकानं असायच्या, आणि दोन रेघांच्या मधे जमीन माणूसभर खोल गेली असली तरी नकाशा त्याबद्दल तोंड उघडत नाही.

नकाशा छापला गेला. दोन वर्षांनी कुठल्याशा गृहनिर्माण संस्थेनं ती मोकळी जागा घेतली, आमचा नकाशा समोर ठेवून प्लॉट आखले आणि विकायला काढले.

इथं यल्लाप्पा येतो. यल्लाप्पा देवाप्पाच्याच गावचा, त्याच्याच आळीतला, धाकट्या भावासारखा. कापडगिरणीत कामाला होता आणि बायको यल्लव्वा हिच्यासह एका अंधाऱ्या खोलीत राहत होता. यल्लव्वाला घर हवं होतं. तिला दुसरं काही नकोच होतं. उंबरा असलेलं, दाराशी शेवगा असलेलं, आपलं आपण शेणानं सारवायचं घर. या संस्थेचे प्लॉट निघाले तेव्हा ती दोघं सल्ला घ्यायला देवाप्पाकडे आली. देवाप्पाची बायको गंगव्वा हिनं त्यांना भाकरी वाढल्या, आणि देवाप्पानं ताटावरून उठून छापील नकाशा आणून त्यांच्यापुढे पसरला. ही हकिगत त्यानं दुसऱ्या दिवशी मला मोठ्या कौतुकानं सांगितली होती. "म्हटलं, बघ यल्ला, ही जागा. मीच काढलोय. वढा न्हाई, खड्डा न्हाई, तळहातासारखी जमीन, वर देवाचा कट्टा शेजारी. घे डोळं झाकून." यल्लाप्पानं डोळे झाकून घेतली.

घर उभं राहायला दीड-दोन वर्षं गेली. गिरणी सुटली की यल्लाप्पा सायकल मारत तिकडे जायचा आणि नवराबायको मिळून मातीच्या विटा पाडायची. पाया दगडाचा, भिंती मातीच्या, वर मंगळुरी कौलं. देवाप्पा रविवारी मदतीला जायचा. चौसष्टच्या उन्हाळ्यात भिंती पुऱ्या झाल्या, आणि अशाच एका रविवारी त्याला तिथं एक म्हातारी भेटली. होन्नेनपाळ्यातली, म्हशी चारणारी.

सोमवारी डब्याच्या सुट्टीत देवाप्पानं तिची नक्कल करून दाखवली. आम्ही चारपाच जण बोंडे खात होतो. तो कमरेत वाकला, हात डोळ्यांवर धरला आणि म्हातारीच्या आवाजात म्हणाला, "कट्टे तुंबिदरे एल्लि होगतीरप्पा?" म्हणजे, कट्टे भरलं तर कुठं जाल रे बाबांनो? "मी म्हटलं, आज्जी, कट्टा भरला तर आम्हीबी त्यावरच बसू की! जत्रेला माणसं येत असतील हो, दाटी होत असंल. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघतच बसली, राव. कपाळाला हात लावून गेली."

सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं होतं. पण ते तसंच राहिलं.

मी त्याला बाजूला घेतलं. "देवाप्पा, ओटा तुंबत नाही."

"म्हंजे?"

"तुमच्याकडे काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे कट्टे ओट्यालाही म्हणतात, आणि बांध घालून अडवलेल्या पाण्यालाही. लहान तळं. नुसतं कट्टे म्हटलं तर आधी तळंच."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच त्याला दुसऱ्या कुठल्या भाषेत बोललो होतो. मग हळूच म्हणाला, "पाणी न्हाई राव तिथं. म्हशी चरतात."

"पाऊस कमी झालाय इतकी वर्षं. बांध फुटका असेल, गाळ भरला असेल. ती आखूड जाड रेघ होती ना कच्च्या कागदावर? ती ओट्याची नव्हती. बांधाची होती."

त्यानं डबा झाकला. एवढ्या बोलक्या माणसाचा चेहरा इतका पडलेला पाहणं मला सोसलं नाही, म्हणून मी उगाच म्हणालो की चूक कुणाच्याही हातून झाली असती. ते खरं नव्हतं. माझ्या हातून झाली नसती, प्राणेशरावांच्या हातून झाली नसती, आणि कन्नड अजिबात न येणाऱ्या माणसाच्या हातूनही झाली नसती, कारण त्यानं निमूट कुणालातरी विचारलं असतं. ज्याला दोन्ही भाषा दुधाबरोबर मिळाल्या होत्या त्यालाच विचारायचं सुचलं नाही.

तो त्याच दिवशी प्राणेशरावांपुढे उभा राहिला. प्राणेशराव वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना छापून झालेल्या गोष्टीबद्दल ऐकायला आवडायचं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छापलेली चूक ही चूक नसते, देवाप्पा. ती आवृत्ती असते. पुढच्या आवृत्तीच्या वेळी बघू." संस्थेला कळवावं का, असं विचारल्यावर म्हणाले, "त्यांनी नकाशा विकत घेतला. तुमचं मत घेतलं नाही." देवाप्पानं कचेरीच्या प्रतीवर निळ्या पेन्सिलीनं तळ्याचा आकार काढला, तर दुसऱ्या दिवशी तो खोडरबरानं पुसलेला होता. परवानगीशिवाय प्रतीवर रेघ ओढायची नाही हा नियमच होता. मी त्या नियमाला त्या दिवशी मनातून शिव्या घातल्या.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे होन्नेनपाळ्याला गेलो. मला त्यानं साक्षीला नेलं होतं, कारण आपल्या कन्नडवर आता त्याचाच भरवसा उरला नव्हता. आणखी सातआठ घरं उभी राहत होती. ते झाड होतं. झाडापासून गवतानं झाकलेला, मधे फुटलेला मातीचा उंचवटा लांबवर वळत गेला होता. ज्याला माहीत नाही त्याला ती शेताच्या कडेची मातीची ताल वाटली असती. यल्लाप्पाचं घर त्या उंचवट्याच्या आतल्या अंगाला, सगळ्यांत सखल जागी होतं. यल्लव्वानं दाराशी शेवग्याची फांदी लावली होती आणि तिला हिरवे डोळे फुटले होते.

देवाप्पानं आडपडदा ठेवला नाही. ओसरीवर बसायच्या आधीच म्हणाला, "यल्ला, ही जागा तळं हाय. माझी चूक झाली. मला शब्दच कळला न्हाई."

यल्लाप्पा कौलं रचत होता. खाली उतरला, हात झाडले. "कोण म्हटलं?"

"हे राव म्हणतात. ती म्हातारी म्हणते. तो बघ बांध."

"नकाशात हाय काय पाणी?"

"न्हाई. पर नकाशाच चुकलाय म्हटलं न्हवं."

"सरकारनं छापलाय न्हवं? तूच दावलास न्हवं मला?" यल्लाप्पा हसला. रागावलाही नाही. "दादा, तू उगंच काळजी करूलास. धा वर्सं कुणी पाणी बघितलं न्हाई हितं. आन् सरकार काय तळ्यात घरं बांधू देतंय?"

मी मधे पडलो. बांध दाखवला, पाणी येण्याची जुनी वाट दाखवली, वरच्या अंगाला मोठं तळं आहे आणि ते भरलं की सांडवा याच बाजूला वाहतो हेही सांगितलं. यल्लाप्पा नम्रपणे ऐकत होता, आणि मला दिसत होतं की एकही शब्द आत जात नाही. त्याच्या हातापायांचं सगळं बळ त्या भिंतींत गेलं होतं. तो काय बोलणार, आणि मी तरी त्याला उठून कुठं जा म्हणणार होतो? छापील कागद एका बाजूला आणि तो काढणारा माणूस दुसऱ्या बाजूला, अशा वेळी लोक कागदाचंच ऐकतात. चहा घेतला आणि निघालो.

यल्लव्वा बांधापर्यंत पोचवायला आली. तिनं देवाप्पाला विचारलं, "भावजी, पाणी आलं तर किती येईल?" त्यानं हात छातीशी धरून दाखवला. पुढे कळलं की तिनं नवऱ्याच्या मागे लागून आत एक उंच माळा करून घेतला होता आणि धान्याच्या पिशव्या वर चढवून ठेवायला सुरुवात केली होती. सगळ्यांत एकट्या तिनं त्याचं ऐकलं.

त्या वर्षी आश्विनात पाऊस आला तो थांबेचना. बंगळूरचा पाऊस संध्याकाळी येतो, तासभर धिंगाणा घालतो आणि जातो. हा तसा नव्हता. वरचं तळं भरलं. देवाप्पा रोज कचेरीत खिडकीशी उभा राहायचा आणि रोज संध्याकाळी सायकलवरून तिकडे जाऊन यायचा. घरांभोवती चिखल, मग घोटाभर पाणी, पण यल्लाप्पा हलला नाही. एका दुपारी सांडवा वाहायला लागला. यल्लाप्पा गिरणीत होता. शेजारची माणसं पोरंबाळं घेऊन बांधावर चढली आणि तिथून यल्लव्वाला हाका मारत राहिली. तिनं आतून ओ दिली की उरलेलं सामान वर टाकून येते. ती माळ्याच्या शिडीवर असताना भिजलेली भिंत बसली, तिच्या मागून माळा, आणि माळ्यावरच्या पिशव्या. लोकांना आत जाता येईपर्यंत पाणी छातीला लागलं होतं. देवाप्पानं हात धरून दाखवलं होतं तेवढंच.

तिचा देह बाहेर काढायला देवाप्पाही होता. यल्लाप्पानं त्याला एका शब्दानं दुखवलं नाही. त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गंगव्वा मला रडत म्हणाली होती.

त्यानंतर देवाप्पानं नावांचं टेबल सोडलं. प्राणेशरावांकडून त्यानं निळा कागद मागून घेतला, आणि मग वर्षानुवर्षं त्यानं पाण्याशिवाय काही काढलं नाही. ओढे, कालवे, विहिरींची टिंबं. थट्टा बंद झाली. कन्नड बोलणं जवळजवळ बंद झालं. आणि एक भयंकर खोड लागली: साध्या शब्दांचेही अर्थ विचारायचा. भर कामात मान वर करून म्हणायचा, "राव, ऊरु म्हंजे गावच न्हवं?" "हो रे." "तुमच्याकडंबी?" पहिल्यांदा मला रडू यायचं, मग चीड यायला लागली, आणि मग सवय झाली. मला सवय झाली याचंच आता वाईट वाटतं.

सदुसष्ट साली नवी आवृत्ती निघाली. छापण्याआधी जुना नकाशा हातात घेऊन जागेवर जायचं, आज जमिनीवर काय आहे ते ताडून पाहायचं आणि समासात शेरा मारून सही करायची, अशी पद्धत होती. होन्नेनपाळ्याच्या भागाचं काम देवाप्पानं स्वतः मागून घेतलं. त्या पुरानंतर मी त्याला प्रथमच उत्सुक पाहिला. निळ्या शाईची बाटली त्यानं धुऊनपुसून टेबलावर तयार ठेवली होती.

आम्ही गेलो तर तिथं तळंच नव्हतं. त्या अपघातानंतर संस्थेनं बांध खणून सपाट केला होता, सांडव्याचं पाणी मोठी गटार काढून दुसरीकडे वळवलं होतं आणि सखल भाग मुरमानं भरून टाकला होता. वर घरं, दुकान, पिठाची गिरणी. झाडाखाली मात्र लोकांनी मुनेश्वरासाठी नवा सिमेंटचा ओटा बांधला होता, आणि त्यावर तीन म्हातारे पान खात बसले होते. देवाप्पानं बरोबरचा जुना नकाशा उघडून त्या ओट्याशी ताडला. त्यानं सात वर्षांपूर्वी काढलेला काळा चौकोन बरोबर तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी यल्लाप्पा कचेरीत आला. नवा नकाशा निघतो आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो खोलीवर परत गेला होता, गिरणीत जात होता, केस पिकले होते. देवाप्पाच्या टेबलाशी उभा राहून तो अजिजीनं म्हणाला, "दादा, आता तरी निळं दाव. लहानसं दावलंस तरी चालतंय."

देवाप्पानं माझ्याकडे पाहिलं, मग काचेवरच्या कागदाकडे. "दावता येत न्हाई, यल्ला. जमिनीवर असंल तेवढंच काढायचं असतंय. तिथं पाणी न्हाई आता."

"आदीच्या नकाशातबी न्हवतं."

"न्हवतं."

"ह्यातबी न्हाई."

"न्हाई."

"मग माझी बायको बुडली कशात?"

देवाप्पानं निळ्या शाईची बाटली उचलून खणात ठेवली. यल्लाप्पा निघून गेला. प्राणेशरावांनी कागद मागवला होता, म्हणून देवाप्पानं समासात शेरा लिहिला, "मुनेश्वरन कट्टे: तपासले, बरोबर," आणि खाली सही केली. तो नकाशा आजही मिळतो. त्यात कुणाला चूक सापडणार नाही.